पंचवीस टक्के पाणी

आराखडे काढणाऱ्या संगणकाने, रचकाने, रॉकेटच्या इंजिनाचा आराखडा चार मिनिटांत पुरा केला आणि मग तो थांबला. पडद्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे ते हातभर लांबीचे इंजिन स्वतःभोवती सावकाश फिरत होते. त्याच्या भिंतीतून जाणाऱ्या केसाएवढ्या नलिका, त्याची झारीसारखी तोटी, त्याचा कंबरेशी आवळलेला गळा, सगळे जवळपास ठरले होते. खाली एकच चौकट रिकामी होती आणि तिच्यापुढे लिहिले होते: इंधन.

पंधरा वर्षांपूर्वी याच महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या चमूला असे इंजिन रेखाटायला दोन वर्षे लागली होती, असे सांगत. आता रेखाटण्याचे काम रचकाचे होते, घडवण्याचे काम छपाईयंत्राचे होते, आणि चाचणीनंतर काय बिघडले हे शोधण्याचे कामही पुन्हा रचकाचेच होते. इंधनाची निवड मात्र कायद्याने माणसाकडे ठेवली होती. इंधन म्हणजे नुसते रसायन नव्हे. ते कुठून येणार, कुणाच्या कुलपात राहणार, कोण ते हाताळणार, त्या हाताळणाऱ्याला त्याची भीती वाटते की सवय आहे, हे रचकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणून चमूच्या प्रमुखाने ते स्वतः ठरवायचे आणि स्वतःच्या नावाने लिहायचे. उरलेल्या रेषा मग रचक त्या एका शब्दाभोवती बेतत असे.

प्रमुख होता ईशान चौगुले. शेवटच्या वर्षाचा, बावीस वर्षांचा, कुणाशी बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे पाहणारा. चमूत त्याच्याहून हुशार दोघे-तिघे तरी होते. पण त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते आणि ईशानचे कुणाशीच भांडण नव्हते, एवढ्याच पात्रतेवर त्याची निवड झाली होती. ते त्याला ठाऊक होते. त्या रिकाम्या चौकटीकडे पाहताना त्याला उत्साह वाटला नाही. गणपती विसर्जनानंतरच्या मांडवात एकटे बसल्यावर जो शीण येतो, तसे काहीसे वाटले.

पर्याय तीन होते. पहिले रॉकेल, विमानासाठी शुद्ध केलेले. ते घट्ट, स्वस्थ आणि ताकदीचे. पण जळताना काजळी धरते आणि भिंतीतल्या बारीक नलिका त्या काजळीने बुजतात. दुसरे द्रव मिथेन. ते स्वच्छ जळते, तिघांत सर्वांत जास्त जोर देते, आणि शेजारच्या साखर कारखान्याच्या बायोगॅस प्रकल्पातून मिळण्यासारखे होते. मात्र शून्याखाली एकशे साठ अंशांवर ते जपावे लागते. तिसरे अल्कोहोल. उसाच्या मळीपासून काढलेले, त्यात चौथा हिस्सा पाणी मिसळलेले. जोराच्या हिशेबात ते तळाला होते.

केतकी बिरनाळेला मिथेन हवे होते. ती चमूतील ज्वलनाचे गणित पाहत असे आणि गेली तीन वर्षे ईशानच्या शेजारच्या टेबलावर बसत असे. ज्या कंपन्यांत तिला जायचे होते तिथे आता सगळीकडे मिथेनच होते. तिने दोन दुपारी कार्यशाळेत बसून त्याला समजावले, थंड टाकीची रेखाचित्रे दाखवली, बायोगॅस प्रकल्पावरच्या माणसाचा होकारही आणून ठेवला. ईशान ऐकत राहिला. त्याच्या मनात सारखी ती पांढरी वाफ येत होती, आणि त्या वाफेत हातमोजा काढून उभे असलेले चमूतले कोणीतरी. त्याने अल्कोहोल लिहिले. कारणाच्या जागी लिहिले: उपलब्धता, सुरक्षितता.

केतकीने ते दोन शब्द वाचले. मग पिशवी खांद्याला लावता लावता ती म्हणाली, “तू इंधन निवडलं नाहीस, ईशान. ज्याच्यावरून कुणाला काही समजावत बसावं लागणार नाही, असं काहीतरी निवडलंस.”

तिचे म्हणणे अर्धेच खरे होते. अल्कोहोलातले ते पाणी ईशानला मनापासून आवडले होते. इंजिनाच्या पोटात तीन हजार अंशांच्या आसपास आग असते आणि तांबे अकराशेच्या आतच वितळते. तरी ते वितळत नाही, कारण जळण्यापूर्वी इंधन त्याच्या भिंतीतून धावत जाते आणि उष्णता शोषून घेते. पाण्याइतकी उष्णता पिणारे द्रव क्वचितच. शिवाय तेच पाणी पुढे आगीत उतरते तेव्हा आगही थोडी निवते. जोर कमी होतो खरा. पण जे स्वतः जळत नाही आणि दुसऱ्याला जळू देत नाही, असे काहीतरी त्या मिश्रणात होते. हे सगळे केतकीला सांगावे असे त्याला वाटले होते. त्याने सांगितले नाही. त्या दिवसापासून ती खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या टेबलावर बसू लागली.

महाविद्यालयात बातमी पसरायला वेळ लागला नाही. सिव्हिलची मुले त्यांना भट्टीवाले म्हणू लागली आणि चाचणीनंतर उरलेल्या मालाची चौकशी करू लागली.

अल्कोहोलाचे वीस लिटरचे पिंप मार्चअखेर आले. चमूकडे ते ठेवण्याचा परवाना नव्हता, म्हणून ते रसायनशास्त्र विभागाच्या भांडारात, लोहारमामांच्या कुलपात गेले.

गजानन लोहार त्या विभागात अडतीस वर्षे परिचर होते आणि जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. त्यांना सगळे मामा म्हणत. विभागातून आजवर जे प्रबंध बाहेर पडले, त्यांतले बहुतेक मामांनी शुद्ध केलेल्या द्रावकांवर उभे होते. बाजारातून आलेले द्रावक त्यांनी कधीच तसेच पुढे दिले नाही. ते आधी ऊर्ध्वपातन करीत, मग पाणी शोषून घेणारे पांढरे मणी त्यात सोडून ठेवीत, आणि काम झाले की शिसपेन्सिलीने चिठ्ठीवर पदार्थ, वार, तारीख व शुद्धता लिहून ती चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवीत. बाहेर लावली की पोरांच्या हाताने पुसते, असे त्यांचे म्हणणे. चिठ्ठीवर स्वतःचे नाव ते घालीत नसत. प्रबंधांच्या ऋणनिर्देशांतही ते कुणी घातले नव्हते. सकाळी संशोधक येत तेव्हा बाटली टेबलावर तयार असे, आणि ती कुणी तयार केली हा प्रश्न नळाला पाणी कुठून येते या प्रश्नाइतकाच कुणाला पडत नसे.

पिंप ठेवून घेताना मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डिस्टिलरीची पट्टी वाचली.

“पंचाहत्तरच टक्के? मग बाकीचं काय हाय यात?”

“पाणी आहे, मामा,” ईशान म्हणाला.

मामांनी पिंपाकडे पाहून मान हलवली. त्या हलवण्यात काहीतरी होते, हे ईशानच्या लक्षात आले. उष्णतेची सगळी हकिगत सांगावी, असेही क्षणभर मनात आले. पण त्या दिवशी त्याने सकाळपासून चार जणांना चार गोष्टी समजावल्या होत्या आणि त्याच्या गळ्यात शब्दच उरले नव्हते. नंतर सांगू, असे म्हणून तो निघाला.

चाचणी एप्रिलमधल्या एका रविवारी, जतकडच्या माळावरील एका बंद पडलेल्या दगडखाणीत ठरली. तोवरचे तीन आठवडे ईशानला नीटसे आठवतही नाहीत. परवानग्या, अंतर्गत परीक्षा, प्राणवायूच्या टाकीची गळती, पुन्हा परवानग्या. केतकी लागेल तेवढेच बोलत होती. दक्षिणेतील एका रॉकेट-प्रणोदन संस्थेचे निवडपत्र त्याला आले होते. त्यात एकच अट होती: उमेदवाराचा ज्वलन-परवाना, म्हणजे इंजिने पेटवण्याचा परवाना, स्वच्छ हवा. त्याने ते घरी कळवले तेव्हा आई फोनवर रडली, आणि तिच्या त्या आनंदातही तो कुठेतरी दमलेलाच राहिला.

चाचणीपूर्वीच्या यादीत त्रेचाळीस कलमे होती. त्यांतली बेचाळीस रचक स्वतः तपासून हिरवी करीत असे. एक कलम माणसाच्या डोळ्यांसाठी मुद्दाम ठेवलेले होते. पिंपाचे झाकण उघडायचे, इंधन काचेच्या उंच मोजपात्रात ओतायचे, त्यात घनतामापक सोडायचा आणि द्रवाच्या रेषेशी डोळा नेऊन आकडा वाचायचा. निदान एकदा तरी माणसाने आपल्या इंधनाकडे पाहावे, एवढाच त्या नियमाचा हेतू.

सकाळी सातला माळावर वारा होता. मोजपात्र पेटीत होते आणि पेटी गाडीच्या तळाशी, दोरांच्या आणि ताडपत्रीच्या खाली. ईशान पिंपापाशी उभा राहिला. डिस्टिलरीच्या पत्रिकेवर घनता छापलेली होती: ०.८५६. पिंप कुलपात होते. ते मामांच्या कुलपात होते, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही कुलपाहून सुरक्षित. त्याने खालच्या तोटीला नळी जोडली, पत्रिकेवरचा आकडा नोंदीत उतरवला आणि त्रेचाळिसावे कलम हिरवे झाले. त्याला तेव्हा अपराधी वाटले नाही. एक काम कमी झाले, एवढेच वाटले.

इंजिन पेटले ते सुंदर पेटले. निळसर, जवळजवळ पारदर्शक ज्योत, तिच्यात हिऱ्यांच्या माळेसारखे चमकते ठिपके. चौथ्या सेकंदाला ज्योतीच्या मुळाशी हिरवी झाक आली. तांबे जळताना येते ती. सहाव्या सेकंदाला गळ्याची भिंत एका बाजूने फुटली, आग तिरकी बाहेर आली आणि रचकाने सगळे बंद केले. खाणीच्या भिंतीवरून आवाज परत आला आणि विरला. कुणाला खरचटलेही नाही. वाळूच्या पोत्यांमागे सगळे उभे होते आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हते.

रचकाने जळलेल्या नलिकांमधला अवशेष तपासला आणि दुपारपर्यंत निष्कर्ष दिला. इंधनात पाणी नव्हते. अल्कोहोल जवळजवळ संपूर्ण कोरडे होते.

जुन्या काळच्या इंजिनात कदाचित एवढ्याने काही झाले नसते. तेव्हाच्या अभियंत्यांना भिंतीच्या आत नेमके काय होते हे कळत नसे आणि म्हणून ते भिंत जाड ठेवीत. आपल्या अज्ञानापुरते तांबे जास्त घालीत. रचकाला सगळे कळत होते. चौथा हिस्सा पाणी असलेले अल्कोहोल किती उष्णता नेईल हे त्याला अंशापर्यंत ठाऊक होते आणि त्याने भिंत तेवढीच ठेवली होती: मिलिमीटरच्या सहा दशांश. कोरडे अल्कोहोल तेवढी उष्णता पिऊ शकले नाही. ते नलिकांतच उकळले, वाफ झाले, आणि वाफेपाशी तांबे उघडे पडले. रचकाच्या हिशेबात चूक नव्हती. त्याने त्यात दुसऱ्या कुणाच्या चुकीला जागा ठेवली नव्हती, इतकेच.

सोमवारी चौकशी झाली. प्राध्यापक आडमुठे चमूचे मार्गदर्शक होते. मृदू बोलणारे, कुणालाही न दुखावता गोष्टी मिटवण्यात हयात गेलेले गृहस्थ. मामांना बोलावले तेव्हा ते हात पुसत आले आणि काहीही न लपवता सांगून मोकळे झाले. होय, अल्कोहोल त्यांनी वाळवले होते. डिस्टिलरीवाल्यांनी पोरांना पाणी घातलेला माल दिला, हे पाहून त्यांना राहवले नाही. चार दिवस लागले. पाणी निघाल्यावर पिंप उणे दिसू लागले, तेव्हा कमी पडलेले चार लिटर त्यांनी आपल्या साठ्यातून घातले. आधीच्या मंगळवारी काम पुरे झाले.

रचकाच्या नोंदीत मात्र रविवारी सकाळी सातला घनता ०.८५६ होती. म्हणजे तेव्हा इंधनात पाणी होते. पेटताना नव्हते. मंगळवारी वाळवलेले अल्कोहोल रविवारी ओले असू शकत नाही. तेव्हा तपासणीनंतर कुणीतरी इंधन बदलले होते, आणि तसे कोरडे अल्कोहोल ज्याच्याकडे होते असा माणूस एकच होता. तो खाणीवरही आला होता, जेवणाचा डबा घेऊन, कौतुकाने. पडद्यावर शब्द उमटले: तपासणीनंतर हेतुपुरस्सर फेरफार, साक्ष विसंगत.

“मंगळवारी वाळवलं, सर,” मामा पुन्हा म्हणाले. “मी कशाला खोटं सांगू?”

आडमुठे सरांनी कागद सारखे केले. ईशान मागच्या बाकावर होता. त्याला उठायचे होते. तो उठला नाही. संध्याकाळच्या आत भांडाराच्या किल्ल्या मामांकडून काढून घेण्यात आल्या. अडतीस किल्ल्या असतील त्या जुडग्यात. मामांनी त्या देताना कुठली कशाची ते एकेक करून सांगितले, आणि घेणारा कारकून पुरते न ऐकताच निघून गेला.

प्रमुखाचे निवेदन तीन दिवसांत द्यायचे होते. मंगळवारी आडमुठे सरांनी ईशानला खोलीत बोलावून चहा दिला. त्यांनी एक मार्ग काढला होता. फेरफाराचा आरोप गंभीर होता. त्यात पोलीसही येऊ शकत. पण ईशानने निवेदनात एवढेच लिहावे की लोहारांचे वय झाले आहे, त्यांना अलीकडे वारांचे भान राहत नाही, आणि रविवारी त्यांनी भ्रमाने पिंप बदलले असावे. स्मृतिदोष लिहिला की रचक प्रकरण बंद करतो. लोहारांना अडीच महिने आधी घरी जाता येईल, निरोपसमारंभही करता येईल, शाल-श्रीफळ देता येईल. ईशानचा परवाना स्वच्छ राहील. कुणाचेच वाईट होणार नाही.

ईशानने चहा संपवला. सरांच्या आवाजात खरोखरच दया होती. तीच ऐकून त्याचा जीव अधिक दमला. खोटी नोंद करणाऱ्याचा परवाना कायमचा रद्द होतो, हे त्याला पाठ होते. तो दक्षिणेला गेला नाही, तर पुन्हा कधी कुठल्या इंजिनापाशी उभा राहणार नव्हता.

कार्यशाळेत केतकी सामान आवरत होती. खाणीवरून आलेली पेटी तिने उघडली होती. काचेचे मोजपात्र तिने हातात घेऊन उजेडात धरले. त्याच्या तळाशी मागच्या वर्षीची धूळ तशीच होती. तिने ते परत पेटीत ठेवले आणि ईशानकडे न पाहता म्हणाली, “मी कुणाला काही सांगणार नाही. पण मला हे दिसलं, एवढं तुला माहीत असू दे.”

ती पेटीची कडी लावत राहिली. मग जराशा वेळाने तिने विचारले की जेवला आहेस का. तो नाही म्हणाला. तिने तिच्या डब्यातली अर्धी भाकरी कागदावर काढून ठेवली आणि ती निघून गेली. गेल्या दोन महिन्यांत ती त्याच्याशी एवढेही बोलली नव्हती.

बुधवारी सकाळी मामा त्याला सायकल-स्टँडजवळ भेटले. त्यांना आत यायची मनाई नव्हती, पण आत जाऊन करायचे काय, म्हणून ते तिथल्या कट्ट्यावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, खिशात शिसपेन्सील. ईशानला पाहून ते सरकले आणि त्याला बसायला जागा केली. ईशानला वाटले, ते आपल्याला काहीतरी सुनावणार. ते झाले असते तर सोपे गेले असते.

“चौगुले,” मामा हळू आवाजात म्हणाले, “तू मला खरं सांग. मी मंगळवारीच वाळवलं न्हवं?”

ईशान त्यांच्याकडे पाहत राहिला.

“न्हाई, म्हंजे काय हाय, यंत्र म्हणतंय रविवारी. सर पण म्हणाले, आठवून बघा. परवापासनं मी आठवतोय बघ. मंगळवारी बाजार असतो, मी येताना गवारी घेतली हुती, त्ये आठवतंय. पण गवारी तर मी दर मंगळवारी घेतो. आमच्या वडलांचं असंच झालं हुतं शेवटाला. वार चुकायचे. घरी कुणाला बोललो न्हाई अजून.” ते थांबले. “तुझं डोकं शाबूत हाय, म्हणून तुला इचारतो.”

ईशान उठला. थांबा, एवढेच म्हणून तो भरभर चालू लागला आणि मग धावू लागला. पिंप कार्यशाळेच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये मोहर लावून ठेवले होते. तोटीला अजून नळीचा तुकडा होता. झाकणाला कुणी हात लावलेला नव्हता. त्याने मोहर तोडली आणि झाकण फिरवले. कोरड्या अल्कोहोलाचा तीव्र, स्वच्छ वास आला. झाकणाच्या आतल्या बाजूला, मेणकागदाखाली, चिठ्ठी होती. शिसपेन्सिलीचे ठसठशीत, वळणदार अक्षर: निर्जल अल्कोहोल, मंगळवार, त्यापुढे गेल्या आठवड्याची तारीख, आणि ९९.६.

रविवारी सातला हे झाकण उघडले असते, तर मोजपात्राचीही गरज पडली नसती.

चिठ्ठी दोन बोटांएवढी होती. शेडमध्ये कुणी नव्हते. तिचा बोळा करून खिशात घालायला किती वेळ लागेल, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तो आला होता हे त्याने पुढे स्वतःपासून कधी लपवले नाही. मग त्याने झाकणच हातात घेतले आणि तो कट्ट्याकडे परत आला.

मामांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तीन दिवस ताठ धरलेले काहीतरी सैल झाले आणि ते एकदम म्हातारे दिसू लागले.

“मंगळवारच,” ते म्हणाले.

“तुमचं काही चुकलेलं नाही, मामा. मी रविवारी झाकण उघडलंच नाही. आकडा कागदावरून उतरवला. यंत्राला मी खोटं सांगितलं, म्हणून ते तुम्हाला खोटं म्हणालं. आणि चौकशीत मी गप्प बसलो.”

एवढी वाक्ये त्याने आयुष्यात एका दमात कधी म्हटली नव्हती. मामा झाकणाकडे पाहत राहिले. रागावतील, उठून जातील, असे ईशानला वाटले. शेवटी त्यांनी एकच विचारले. “परवा सगळी बसली हुती तवा, तुला ठावं हुतं?”

“होय.”

मामांनी झाकण खाली ठेवले. “मग तीन दिस लई लांब झाले, चौगुले,” ते म्हणाले. ईशानने क्षमा मागितली नाही. मागितली असती तर ती त्यांना द्यावी लागली असती.

निवेदन लिहायला त्याने त्यांना आपल्याबरोबर कार्यशाळेत नेले. केतकी तिथे होती. तिने मामांसाठी खुर्ची ओढली. ईशानने लिहिले की घनतेचे मापन त्याने केले नाही. आकडा पत्रिकेवरून घेतला. लिहिले की लोहारांनी इंधन मंगळवारी वाळवले व तशी चिठ्ठी लावली, ती सोबत जोडली आहे. लिहिले की इंधनात बाकी काय आहे हे त्यांनी विचारले होते आणि पाणी कशासाठी आहे ते प्रमुखाने त्यांना सांगितले नाही. हे शेवटचे वाक्य लिहिताना त्याचा हात पहिल्या वाक्यापेक्षा जास्त अडखळला. त्याने अंगठा टेकवला. रचकाने क्षणभर वाचले. फेरफाराची नोंद पुसली गेली, आणि पडद्याच्या कोपऱ्यात ईशानच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला. तेवढेच. एखादा दिवा मालवावा तसे. दक्षिणेतल्या संस्थेला ते आपोआप कळणार होते. आईला मात्र त्यालाच कळवावे लागणार होते.

आडमुठे सर दारात येऊन उभे राहिले, पडद्यावरचे वाचले आणि किल्ल्यांचे जुडगे आणायला गेले.

मामा पडदा जवळून पाहत होते. त्यांनी रचकाचा जुना निष्कर्ष बोटाने दाखवून विचारले की शुद्धता किती आली म्हणतो हा. केतकीने आकडा वाचून दाखवला: नव्व्याण्णव पूर्णांक सात.

“म्हंजे मी एका दशांशानं कमीच धरली हुती,” मामा म्हणाले. मग खुर्ची ईशानकडे वळवून त्यांनी हात मांडीवर ठेवले. “आता सांग. पाणी कशाला लागत हुतं?”

ईशानने फळ्यावर इंजिनाची भिंत काढली. आत आग, बाहेर वारा, मधे नलिका. त्याने सुरुवात चाचरत केली. पण मामा प्रत्येक वाक्यापाशी थांबून मान हलवत, आणि मग पुढे बोलणे त्याला जमू लागले. पाणी आगीच्या वाटेवर उष्णता कशी पिते, आणि कोरडे अल्कोहोल तेवढी का पिऊ शकत नाही, हे त्याने सांगितले. मामांनी दोन प्रश्न विचारले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ईशानला आले नाही. केतकीने उठून खडू घेतला आणि त्याच्या शेजारी उभी राहून ते फळ्यावर मांडले. बाहेर ऊन चढत गेले.

“म्हंजे ती भेसळ न्हवती,” मामा शेवटी म्हणाले.

“नव्हती, मामा.”

मामा फळ्याकडे पाहत बसले, कितीतरी वेळ.

“अन् मी चार दिस त्या डिस्टिलरीवाल्याला शिव्या घालत हुतो,” ते म्हणाले.